बैलाला मानवेल असा पोळा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोळा आठ-पंधरा दिवसांवर आला की कास्तकारांच्या घरांत तेच ते प्रश्न निघतात. शिंगांना रंग कोणता आणायचा, बैल कुठं धुवायचे, लेकरांच्या लाकडी नंदीला काय लावायचं, पंगतीला पत्रावळी आणायच्या की ताटं मांडायची. ही उत्तरं वर्धा-यवतमाळकडच्या कापूस-सोयाबीनच्या गावांतला पोळा डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धानाची शेती, तिथल्या रीती थोड्या वेगळ्या. पण बैलाचं पोट आणि नाल्याचं पाणी सगळीकडे सारखंच.

पोळा तर मुळातच निसर्गाचा सण. त्यात आणखी 'पर्यावरणपूरक' काय करायचं?

पूर्वी वेगळं काही करायची गरज नव्हती, कारण साजाची प्रत्येक वस्तू वावरातून, रानातून नाही तर गावातल्या कारागिराकडून यायची. सुताचा कासरा, गेरू, पळसाची पानं, आंब्याच्या पानांचं तोरण, कुंभाराच्या हातचे मातीचे बैल. सण झाला की त्यातलं निम्मं मातीत जायचं आणि निम्मं पुढच्या वर्षासाठी खुंटीवर टांगलं जायचं. आता पोळ्याच्या बाजारात ऑइल पेंट, चकचकीत प्लास्टिकच्या झिरमिळ्या, थर्माकोलची मखरं आणि पॉलिथिनची फुलं मांडलेली असतात.

माझ्यापुरती कसोटी साधी आहे. जे बैलाच्या कातडीला, पोटाला आणि पिण्याच्या पाण्याला चालत नाही, ते पोळ्यात नको. एवढं पाळलं तरी नाला, माती आणि घरातली लेकरंही सांभाळली जातात. वर्षभर राबणाऱ्या जनावराच्या नावानं सण करायचा आणि त्यालाच त्रास द्यायचा, हे मला पटत नाही.

शिंगांना ऑइल पेंट लावला तर बिघडतं काय? सगळेच लावतात.

बरंच बिघडतं, फक्त लगेच दिसत नाही. बैल एकमेकांना चाटतात, शिंगं गव्हाणीला आणि खुंट्याला घासतात. सुटलेले रंगाचे पापुद्रे कुटारात (सुक्या चाऱ्यात) पडतात आणि पोटात जातात. काही रंगांत शिसं असतं, आणि गुराढोरांना होणाऱ्या विषबाधांमध्ये शिशाची विषबाधा जगभर नेहमी आढळणारी आहे. आपल्या देशात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून. पण घराच्या माळ्यावर पडलेला जुना डबा त्याआधीचा असू शकतो, आणि लोखंडी फाटकाला, ट्रॉलीला मारायचा औद्योगिक रंग त्या नियमात मोडत नाही. बैलाच्या शिंगाला नेमका असाच उरलेला रंग लागतो, कारण तो घरात फुकट असतो.

दुसरा त्रास रंग काढण्याचा. वर्षानुवर्षांचे थर साचले की कोणी टर्पेंटाइन वापरतं, कोणी पेट्रोलचा बोळा फिरवतं. ते ओघळून कानामागे, डोळ्यांत जातं. शिंगाच्या मुळाशी कातडी नाजूक असते, तिथं जळजळ होते आणि बैल डोकं आपटत राहतो. आपल्याला वाटतं, मस्ती करतो आहे.

मग लावायचं काय? गेरू तर पहिल्याच पावसात धुऊन जातो.

नुसत्या पाण्यात कालवलेला गेरू जातोच. तोच गेरू जवसाच्या तेलात खलला तर टिकतो. जवसाचं तेल हवेत हळूहळू वाळून त्याचा पापुद्रा धरतं, म्हणून रंगाच्या धंद्यात ते फार जुन्या काळापासून आहे. तीळ, भुईमूग किंवा सरकीच्या तेलानं हे काम होत नाही. ते चिकट राहतं आणि त्यावर धूळ बसते. जवस आपल्या विदर्भातलंच पीक आहे, गावात नाही तर तालुक्याच्या ठिकाणी घाणीवर तेल मिळतं.

गेरूचा खडा खलबत्त्यात कुटून धोतराच्या फडक्यातून चाळायचा. कचकच उरली तर रंग दाणेदार बसतो आणि लवकर खरडला जातो. चाळलेल्या भुकटीत तेल थेंबाथेंबानं घालत बत्त्यानं घोटत राहायचं. काडी बुडवून उभी धरली तर रंग काडीला लपेटून राहिला पाहिजे, ओघळता कामा नये. शिंग आधी कोरड्या गोणपाटानं घासून घ्यायचं आणि पातळ हात द्यायचा. जाड दिला तर वरून वाळतो, आतून ओला राहतो. दुसरा हात पहिला वाळल्यावर. ढगाळ हवेत याला चांगले तीन-चार दिवस लागतात, कधी जास्तही. म्हणून पोळ्याच्या आदल्या दिवशी हे काम काढू नका, आठवडाभर आधी काढा.

एक धोका नीट लक्षात ठेवा. जवसाच्या तेलानं माखलेला कपडा चोळामोळा करून कोपऱ्यात टाकला तर तो आपोआप तापतो आणि पेट घेऊ शकतो. कोठ्यात (गोठ्यात), कुटाराच्या ढिगाजवळ तर मुळीच टाकू नका. दोरीवर मोकळा पसरून वाळू द्या किंवा पाण्यात भिजवून मातीत पुरा.

वेळच नसेल तर बाभळीचा डिंक रात्रभर पाण्यात भिजवून त्यात गेरू कालवा. हा तासाभरात वाळतो, पण जोराच्या सरीत टिकत नाही. पिवळ्यासाठी हळद आहे, उन्हात फिकी होते, पण सणापुरती पुरते. पांढऱ्यासाठी भिंती पोतायची पांढरी माती चांगली. चुना नको, तो कातडीला आणि डोळ्यांना भाजतो.

बाजारातला गेरू खरा आहे हे कसं ओळखायचं?

पेलाभर पाण्यात चिमूटभर टाका, ढवळा आणि घटकाभर राहू द्या. गेरू ही माती आहे, ती तळाशी बसते आणि वरचं पाणी बरंच निवळतं. पाणी लालभडक राहिलं तर त्यात रंग मिसळला आहे.

शिंगं साळून घ्यावीत का?

टोक वाढून डोळ्यात किंवा मानेत रुतत असेल तर जाणत्या माणसाकडून टोक तेवढं बोथट करून घ्या. नुसतं दिसायला बारीक आणि गुळगुळीत हवं म्हणून दरवर्षी पातं चालवणं वाईट. शिंग आतून जिवंत असतं. आपल्याकडच्या बैलांत शिंगाचा कॅन्सर हा ओळखीचा आजार आहे, आणि सततचं साळणं, रंगानं होणारी जळजळ, दोरीचा काच ही त्याची संभाव्य कारणं म्हणून पशुवैद्य सांगतात. शिंग एका बाजूला कलू लागलं, बैल डोकं झटकू लागला, नाकातून रक्त आलं, तर पोळ्याची वाट न पाहता दाखवा.

बैल नाल्यावर धुवायचे की घरी?

नाल्यावर नेण्यात गैर नाही. बैलालाही पाण्यात उभं राहायला आवडतं. गैर आहे ते कपड्याचा साबण, डिटर्जंटची भुकटी आणि शाम्पूच्या पुड्या. त्यानं बैलाच्या कातडीवरचं नैसर्गिक तेल निघतं, खाज सुटते, आणि रिकाम्या पुड्या काठावर तशाच राहतात. रिठे रात्री भिजवा, सकाळी चोळून फेस काढा, गोणपाटाच्या तुकड्यानं अंग घासा. मळ निघतो आणि केसही चमकतात.

याहून मोठी गोष्ट गोचिडांच्या औषधाची. पोळ्याआधी बैल स्वच्छ दिसावे म्हणून बरेच जण डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन लावतात. ही औषधं मासोळ्यांना अतिशय विषारी आहेत. लावल्यावर लगेच बैल नाल्यात किंवा तलावात उतरवला तर ते पाण्यात जातं. म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी बैल धुवा, मग अंग कोरडं झाल्यावर औषध लावा, आणि त्यानंतर काही दिवस त्याला पाण्यात उतरवू नका. पूर्व विदर्भातल्या जुन्या मालगुजारी तलावांवर कितीतरी ढिवर कुटुंबांचं पोट मासोळीवर आहे. तिथं तर ही काळजी घ्यायलाच हवी.

आणि फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे कापून बादली म्हणून वापरू नका. कितीही धुतले तरी वापरू नका. हे हात जोडून सांगतो.

खांदशेकणीला, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकायला, काय वापरावं?

जे आजवर वापरत आलो तेच. कोमट पाणी, हळद, घरचं तूप किंवा लोणी आणि शेकायला पळसाची पानं. 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' म्हणत वशिंडापुढचा खांदा हलक्या हातानं चोळायचा. जुवानं खांदा सोलला असेल, पू झाला असेल, तर शेकू नका, तिथं उपचार लागतो. बाजारचा वेदनाशामक मलम माणसाचा असतो, तोही नको. आपला सालदार (वर्षाच्या बोलीवरचा गडी) हे काम करत असेल तर त्याच्यासोबत घरच्या लेकरांनाही उभं करा. बैलाच्या खांद्यावरचा घट्टा हाताला लागला की सण आपोआप समजतो.

सजावटीतलं प्लास्टिक एक दिवसाचं तर असतं. त्याचा एवढा बाऊ कशाला?

एक दिवसाचं असतं ते आपल्यासाठी. मिरवणुकीत तुटलेली झिरमिळी आखरावर (गुरं जमतात त्या मोकळ्या जागेवर) पडते, दुसऱ्या दिवशी तिथंच गुरं चरतात. गाय-बैल ओठांनी निवडून खात नाहीत, जिभेनं ओढून घेतात. पॉलिथिन पोटाच्या पहिल्या कप्प्यात अडकलं की पचत नाही आणि पुढंही सरकत नाही, साचत जातं. शेवटी जनावर खाणं टाकतं, आणि मग पोट कापून काढण्यावाचून इलाज राहत नाही.

थर्माकोलच्या मखराचं तर कायद्यानंही जमत नाही. महाराष्ट्रानं २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं प्लास्टिक-थर्माकोलच्या बऱ्याच वस्तूंवर बंदी आणली, आणि १ जुलै २०२२ पासून देशभरात सजावटीचं थर्माकोल बंद आहे. तरी बाजारात दिसतं, म्हणून विचारावं लागतं.

मखर बांबूच्या कामट्यांचं करा आणि त्यावर जुन्या साडीचे काठ लावा. झुलीला आईच्या जुन्या नऊवारीचा पदर शोभतो, दुसरं काही आणायची गरज पडत नाही. कवड्या, घुंगरं, सुताचे गोंडे, लोकरीची मठाटी (बैलाच्या डोक्यावर बांधायचा साज) या दहा-दहा वर्षं चालणाऱ्या वस्तू आहेत. फुलं झेंडूची, परसातली. बेगड मात्र हल्ली बहुतेक प्लास्टिकचीच येते, तिला मी सरळ नाही म्हणतो.

अंगावर छापे आणि नावं काढली तर चालतील?

गेरूनं आणि हळदीनं काढा. पांढऱ्याशुभ्र गवळाऊ जातीच्या बैलाच्या अंगावर गेरूचा हाताचा ठसा जितका खुलतो तितका कोणताही रंग खुलत नाही. केसांना लावायचा काळा डाय आणि स्प्रेचा रंग लावू नका. आणि बैलाच्या अंगावर राजकीय पक्षाची जाहिरात नको, ही माझी विनंती समजा.

बैलाला पुरणपोळी किती चारावी?

नैवेद्याची एक-दोन. घरातल्या प्रत्येकाच्या हातून दिवसभरात एकेक नको.

या उत्तरावर आमच्याकडे सगळ्यात जास्त वाद होतो, म्हणून कारण नीट सांगतो. बैलाचं पोट कुटार, कडबा, गवत कुजवून पचवण्यासाठी बनलं आहे, आणि ते काम पोटातले सूक्ष्मजीव करतात. एकदम भरपूर गूळ, चण्याची डाळ, कणीक आणि शिजवलेली ज्वारी गेली की ती फार वेगानं आंबते. पोटात आम्ल वाढतं आणि नेहमीचे सूक्ष्मजीव मरू लागतात. बैल रवंथ बंद करतो, सुस्त उभा राहतो, दात खातो, शेण पातळ होतं आणि त्याला आंबूस वास येतो. हे बहुधा पहिल्या दिवस-दीड दिवसात दिसू लागतं, म्हणजे नेमकं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, घर लेकरांच्या तान्ह्या पोळ्यात (लाकडी नंदी ओढायच्या पोळ्यात) गुंतलेलं असतं तेव्हा. जास्त झालं तर जनावर दगावतं. पोळ्यानंतर पशुवैद्यांकडे येणाऱ्या तक्रारींत ही ठरलेली असते.

म्हणून सकाळी आधी पोटभर कुटार आणि हिरवं गवत द्या. ठोंबरा (शिजवलेली ज्वारी) करत असाल तर तो थोडा आणि कुटारात मिसळून द्या. ज्या बैलाला एरवी ढेपही (तेलबियांची पेंड) क्वचित मिळते त्याला एकाच दिवशी सगळं गोड चारू नका. शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा, कारण दारात आलेल्या जोडीला प्रत्येक घरची माय पोळी चारते आणि मोजणारं कोणी नसतं. मी तर सुचवीन की दारात आलेल्या बैलाला ओवाळावं, पाय धुवावेत आणि पोळी धन्याच्या हातात द्यावी. मान दोघांचाही राहतो.

लक्षण दिसलं तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. १९६२ या क्रमांकावर पशुवैद्यकीय मदतीसाठी फोन करता येतो.

धुऱ्यावरचं (बांधावरचं) हिरवं गवत कापून आणावं का?

पोळ्याच्या दिवसांत कपाशीवर आणि सोयाबीनवर फवारणी जोरात असते. धुऱ्यावर तणनाशकही मारलेलं असू शकतं. आपल्या वावरात आपण काय मारलं ते आपल्याला माहीत असतं, शेजाऱ्यानं काय मारलं ते विचारल्याशिवाय कळत नाही. म्हणून विचारा. औषधाच्या डब्यावरचा त्रिकोण पाहा. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. त्यावर लिहिलेला जनावरं न चारण्याचा काळ पाळा. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. जे औषध माणसाला मारतं ते त्या गवतावरही बसलेलं असतं. सणासाठी गवताचा एक पट्टा आधीच राखून ठेवणं सगळ्यात चांगलं.

पंगतीला पत्रावळी कोणत्या?

घरचीच दहा-पंधरा माणसं असतील तर स्टीलची ताटं मांडा आणि सगळे मिळून घासा. मोठी पंगत असेल तर पळसाच्या पानांच्या. पावसाळ्यात पळस पानांनी भरलेला असतो, पानं मोठी आणि लवचीक असतात, बांबूच्या बारीक काड्यांनी टाचली की पुरणपोळी, कढी, वडे सगळं पेलतात. गावात अजून एखादी म्हातारी बाई तरी पत्रावळी लावणारी असतेच. तिच्याकडून विकत घ्या, फुकट मागू नका. चंदेरी कागदी प्लेटी कागदाच्या दिसतात, पण वर प्लास्टिकचा थर असतो. त्या खतखड्ड्यात कुजत नाहीत आणि जाळल्या तर धूर वाईट.

उष्ट्या पत्रावळी गुरांपुढे टाकू नका, काड्या तोंडात रुततात. खतखड्ड्यात टाका.

मेढे आणि मारबत? झाडाच्या फांद्या तोडणं पर्यावरणाला धरून आहे का?

आहे, रीत पाळली तर. पळसाच्या फांद्या, म्हणजे मेढे, दाराशी लावायच्या आणि पाडव्याच्या पहाटे 'घेऊन जाय गे मारबत' म्हणत शिवेबाहेर टाकायच्या, यात मातीत न मिसळणारं काहीच नाही. पळस चिवट आहे, छाटला तरी फुटतो. तरी शेंडा मोडू नका, बाजूची डहाळी विळ्यानं कापा, ओरबाडू नका. एका दाराला एक डहाळी पुरे. धुऱ्यावरचा एकच पळस अख्ख्या मोहल्ल्यानं उघडा करणं बरोबर नाही.

खरा प्रश्न शिवेवर डहाळीसोबत काय काय जातं हा आहे. इडापिडा घालवायच्या नावाखाली फाटक्या पिशव्या, बाटल्या, तुटक्या चपला, औषधांच्या पुड्या असं सगळं नेऊन टाकतात, काही ठिकाणी पेटवतातही. शिवेवरून ते पावसाच्या पाण्यासोबत नाल्यात जातं, आणि नाला ज्या गावाला जातो तिथलीही माणसं आपल्यासारखीच. डहाळी, जुनी टोपली, झिजलेला झाडू एवढंच न्या. नागपुरात काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक मोठी असते. गावातली मारबत लहान आहे, तिला लहानच राहू द्यावी.

तान्ह्या पोळ्यात लेकरांसाठी काय करावं?

तान्हा पोळा हा खास आपला सण. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासूनचा मानला जातो, आणि वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी (रेल्वे) इथं तो केवढा मोठा होतो हे पाहणाऱ्यालाच कळतं. पण सध्या उंचीची आणि देखाव्याची चढाओढ लागली आहे. नंदी मोठा हवा, त्याभोवती थर्माकोलचा किल्ला हवा, वर दिव्यांच्या माळा हव्यात. सात वर्षांच्या लेकराला जो नंदी ओढता येत नाही तो त्याचा नंदी राहत नाही, बापाचा होतो.

घरात जुना नंदी असेल तर तोच काढा. चाकं ढिली झाली असतील तर सुताराकडून आस बदलून घ्या, गेरू आणि जवसाच्या तेलाचा हात द्या. आजानं ओढलेला नंदी नातवानं ओढला तर त्यात कमीपणा नाही, उलट त्याची गोष्ट सांगता येते. नवा करायचाच असेल तर सुताराकडे उरलेले सागाचे, बाभळीचे तुकडे असतात, त्यातून लहान नंदी सहज होतो.

जे लोक बक्षिसं देतात त्यांना एक सुचवावंसं वाटतं. सगळ्यात उंच नंदीऐवजी सगळ्यात जुन्या नंदीला पहिलं बक्षीस द्या. दुसरं बक्षीस लेकरानं स्वतः केलेल्या नंदीला, तिसरं सगळ्यात ठणठणीत झडती (पोळ्याचं गाणं) म्हणणाऱ्याला. 'एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव' हे लेकरांच्या तोंडून ऐकलं की अख्खा चौक उचलून धरतो, आणि त्याला काही खर्च लागत नाही. बक्षीस म्हणून प्लास्टिकची खेळणी वाटू नका, आठ दिवसांत उकिरड्यावर जातात. स्टीलचा पेला द्या, वही-पेन द्या, कंपासपेटी द्या. बोजाऱ्यात (नंदी घेऊन दारात आलेल्या लेकरांना द्यायच्या भेटीत) नाणी आणि घरचे मुरमुऱ्याचे लाडू. पाकिटबंद खाऊ वाटला तर संध्याकाळी चौकात पाकिटांचा सडा पडतो, आणि तो झाडायला नेहमी त्याच दोन बाया येतात.

आम्ही घरी मातीचे बैल करतो, पण वाळताना तडकतात. म्हणून बाजारचे पीओपीचे आणावे लागतात.

तडकण्याचं कारण आपली काळी माती. भिजली की फुगते, वाळली की आवळते. वावराला उन्हाळ्यात भेगा पडतात त्याच कारणानं. तिच्यात एक हिस्सा बारीक रेती, थोडं शेण आणि पिंजून सुटा केलेला कापूस घाला. कापसाचे धागे माती धरून ठेवतात. चांगली मळा, ओल्या फडक्यात रात्रभर झाकून ठेवा, दुसऱ्या दिवशी बैल करा. पाय जाड आणि आखूड ठेवा. आत तुराटीची काडी खुपसू नका, माती आवळते आणि काडी आवळत नाही, मग तिथंच चीर जाते. सावलीत वाळवा, पहिला दिवस ओलं फडकं वरून राहू द्या. शिंगं शेवटी लावा.

कुंभाराकडून आणत असाल तर फारच चांगलं. पूजा झाल्यावर बादलीत विरघळवा आणि ती माती तुळशीला घाला. पीओपी पाण्यात असा विरघळत नाही.

डीजे लावावा का?

नाही. रात्री १० ते सकाळी ६ बाहेर लाऊडस्पीकर लावायला २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी मनाई आहे, आणि वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. पण नियमाआधी बैलाचा विचार करा. तोरणाखाली शेजारी शेजारी उभ्या असलेल्या जोड्यांपैकी एकही बैल बुजला तर कासरा धरणाऱ्या माणसाचं आणि कडेला उभ्या लेकरांचं काय होतं ते सांगायला नको. डफडं आणि सनई बैलांच्या कानाला सवयीची आहे. डफडं वाजवणाऱ्याला त्या दिवसाची मजुरी मिळते हेही महत्त्वाचं.

आमच्याकडे आता बैलच नाहीत. ट्रॅक्टरची पूजा करतो. आमचा पोळा खरा का?

खराच. बैल ठेवणं परवडत नाही हे कोणाला सांगायची गरज नाही. २०१२ आणि २०१९ च्या पशुगणनेची तुलना केली तरी राज्यातला गोवंश घटलेला दिसतो. ट्रॅक्टरला हार घाला, पण त्यासोबत ज्याच्या बैलांनी तुमच्या वावरात डवरणी (पिकाच्या ओळींमधली कोळपणी) केली त्याच्या घरी पुरणपोळीचं ताट पाठवा, आणि जमलं तर ढेपेचं एखादं पोतं. गवळाऊ, कठाणी यांसारख्या आपल्या भागातल्या जाती कोणीतरी पोसतं म्हणून टिकून आहेत. पोसणाऱ्याला हात द्या. घरात मातीची जोडी पुजा. बायांनी घरोघरी हेच तर केलं आहे आजवर.

आबाजी म्हणतात, पेंट नसला तर बैल उघडा दिसतो. त्यांना कसं समजवायचं?

त्यांना समजवायला जाऊ नका, त्यांना विचारा. तुमच्या लहानपणी शिंगाला काय लावत होते? बहुतेक आबाजींच्या तोंडून गेरू, हिंगूळ, तेल हेच निघेल, आणि मग ते स्वतःच खलबत्ता मागतील. पहिल्या वर्षी एका बैलाला गेरू-जवस आणि दुसऱ्याला नुसतं तेल, एवढंच करा. घरातल्या बायांचा शब्द इथं फार चालतो. गव्हाणीतला रंगाचा पापुद्रा त्यांनाच पहिल्यांदा दिसतो, कारण कोठा झाडतात त्याच.

लम्पीची (गुरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या आजाराची) साथ असेल तर?

गावच्या पोळ्यात बैल नेऊ नका, घरीच पूजा करा. गेली काही वर्षं ही साथ आपण पाहतो आहोत, आणि काही जिल्ह्यांत जनावरं एकत्र आणायला मनाईही झाली होती. हा आजार चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत पसरतो, त्यामुळे गोठ्यात ओल आणि शेणाचा साठा राहू देऊ नका. संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करता येतो, पण जनावर धुरात कोंडू नका. लसीकरण पोळ्याच्या बरंच आधी उरकलेलं असावं.

पुण्या-मुंबईहून नातेवाईक येतात. त्यांना काय सांगावं?

यायला सांगा, आणि पाण्याच्या बाटल्यांचा खोका आणू नका म्हणा. घरी माठ आहे. तिघं येत असतील तर एकाच गाडीत या. भेट आणायचीच तर सालदाराच्या लेकरांसाठी आणा, त्या दिवशी तेही आपल्याच घरचे पाहुणे असतात.

सण झाल्यावर साजाचं काय करायचं?

त्याच आठवड्यात आवरा. पावसाळी हवेत ओला साज तसाच टांगला तर बुरशी धरतो. सुताचे गोंडे आणि मठाटी रिठ्याच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. झुलीवरची माती आधी झटका, मग धुवा. घुंगरं कोरड्या राखेनं घासून पुसून ठेवा. सगळं वाळल्यावर कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून पेटीत भरा, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, आत दमटपणा राहतो. कवड्यांच्या माळेची दोरी ओढून पाहा. कुजलेली असेल तर आताच बदला, कारण पुढच्या वर्षी ती ऐन तोरणाखाली तुटते आणि कवड्या बैलांच्या पायांखाली जातात.